एक कावीळ, एक बायोप्सी आणि एचएनएफ४ए ची दोन दारं

"मॅडम, लिव्हर तर परत वाढतं म्हणतात ना, अर्धं कापलं तरी येतं म्हणे, मग दादाचं का येत नाहीये?"

लॅबच्या खिडकीपाशी बायोप्सीचा रिपोर्ट न्यायला आलेल्या पेशंटच्या धाकट्या भावाने हे विचारलं आणि मी त्याला तेच गुळमुळीत उत्तर दिलं जे आम्ही सगळे देतो, म्हणजे सूज आहे, वेळ लागेल, डॉक्टरांशी बोला. तो गेला आणि मला दिवसभर लाज वाटत राहिली कारण प्रश्न एकदम करेक्ट होता, आणि त्याचं उत्तर गेल्या दहा-पंधरा वर्षांत बऱ्यापैकी सापडलंय, फक्त खिडकीपाशी उभं राहून सांगण्याइतकं छोटं नाहीये. म्हणून इथे लिहितेय.

आधीच सांगते, खालचा पेशंट हा कुणी एक माणूस नाही. अशा केसेस आमच्याकडे इतक्या येतात की तीन-चार जणांचं मिळून एक केलंय, वय-धंदा बदललाय, आणि आकडे हिशोब नीट दाखवता यावा असे बसवलेत. अभ्यासांबद्दल जे लिहिलंय ते मात्र जसं छापून आलंय तसं.

तर पेशंट ४१ वर्षांचा, दोन टेम्पो स्वतःचे. दारू बारा वर्षांपासून, आधी संध्याकाळची नाइंटी, मग क्वार्टर, शेवटची दोन वर्षं सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून सकाळपासूनच. डोळे पिवळे झाले तेव्हा घरच्यांनी दवाखान्याऐवजी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं, तिथे चुन्याच्या निवळीत हात धुतले, पाणी पिवळं झालं, सगळ्यांना वाटलं कावीळ उतरली. (ते पाणी कुणाचेही हात धुतले तरी पिवळं होतं हो, रंग आधी हाताला चोळलेल्या झाडाच्या सालीच्या रसाचा आणि चुन्याचा असतो.) वरून पथ्य, म्हणजे तेल नाही, डाळ नाही, अंडं नाही, नुसता मऊ भात आणि उसाचा रस. दोन आठवडे असे गेले. ॲडमिट केला तेव्हा पोट फुगलेलं, अंगात कणकण आणि माणसाची नुसती हाडं वर आलेली.

बिलिरुबिन (कावीळ करणारं पिवळं द्रव्य) १६.४. अल्ब्युमिन २.३. प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे पीटी, रक्त गोठायला लागणारा वेळ, २४ सेकंद, कंट्रोल (निरोगी नमुन्याचा) १३. पांढऱ्या पेशी १७,८००. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा आकडा, नॉर्मल. हिपॅटायटिस बी, सी निगेटिव्ह. एसजीओटी १४२, एसजीपीटी ५८.

ह्या शेवटच्या दोन आकड्यांवर जरा थांबू, कारण अख्ख्या केसची चावी तिथेच आहे. लोक लिव्हरचा रिपोर्ट म्हणजे एसजीओटी-एसजीपीटी असं समजतात. हे दोन्ही एन्झाइम पेशींच्या आतले, पेशी फुटली की रक्तात सांडतात. व्हायरल काविळीत हजार-दोन हजार जातात आणि तरी बरेच पेशंट महिन्याभरात बरे होऊन कामावर जातात. इथे दीडशेच्या पण आत आहेत (एसजीपीटी कमी दिसायला बी६ व्हिटॅमिनची कमतरता पण थोडी जबाबदार असते, दारू पिणाऱ्यांत ती असतेच), आणि पेशंट मात्र मरणाच्या दारात. म्हणजे सांडलवंड फार नाही, पण कामाचे सगळे आकडे कोसळलेले. बिलिरुबिन बाहेर टाकणं हे काम, अल्ब्युमिन बनवणं हे काम, रक्त गोठवणारे फॅक्टर बनवणं हे काम. त्यातला फॅक्टर सात तर रक्तात जेमतेम चार-सहा तासांत निम्मा होतो, त्यामुळे प्रोथ्रॉम्बिन टाइम म्हणजे लिव्हरने आज काय माल काढला त्याची जवळपास रोजची हजेरी. व्हिटॅमिन के तीन दिवस दिलं, आकडा हलला नाही. म्हणजे कच्चा माल आहे, कारखाना चालत नाहीये.

गंभीर किती हे काढायला मॅड्रे स्कोअर असतो, सोपा आहे, पेशंटचा पीटी वजा कंट्रोल गुणिले ४.६, अधिक बिलिरुबिन. ११ गुणिले ४.६ म्हणजे ५०.६, अधिक १६.४, झाले ६७. ३२ च्या वर गंभीर धरतात. अल्कोहोलिक हिपॅटायटिस, म्हणजे दारूने लिव्हरला आलेली सूज, सिव्हियर. पुढे एएच म्हणते.

सोनोग्राफीत लिव्हर मोठं. हे पण लक्षात ठेवा, आक्रसलेलं नाही, मोठं.

बायोप्सी गळ्यातून केली, म्हणजे मानेच्या शिरेतून सुई हृदयाच्या उजव्या कप्प्यातून खाली लिव्हरच्या शिरेत नेऊन, कारण पोटातून सुई घातली तर अशा रक्ताला थांबवणार कोण. तुकडा शेवईच्या तुटक्या तुकड्यासारखा, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, तोही मध्ये तुटलेला. स्लाइड लावली. फुगून गोल झालेल्या पेशी, आत जाळीदार फिकट, जणू पुरी टम्म फुगलीय आणि आत हवा. त्यातल्या काहींमध्ये गुलाबी गुंता, दोरा गुरफटून पडावा तसा, ह्याला मॅलरी-डेंक बॉडी म्हणतात, पेशीच्या आतल्या केराटिनच्या सांगाड्याचा चोथा. एकेका फुगलेल्या पेशीभोवती न्यूट्रोफिल्सनी (एका जातीच्या पांढऱ्या पेशींनी) कोंडाळं केलेलं. पित्ताचे हिरवट-तपकिरी खडे अडकलेले. ट्रायक्रोम हा तंतू रंगवणारा स्टेन लावल्यावर निळ्या तंतूंची जाळी प्रत्येक पेशीभोवती, कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीसारखी.

इथपर्यंत पुस्तकातलं. मग सीके७ चा स्टेन आला. सीके७ हे पित्तनलिकांच्या पेशींचं ओळखपत्र, मोठ्या माणसाच्या निरोगी हेपॅटोसाइटमध्ये, म्हणजे लिव्हरच्या मुख्य कामकरी पेशीत, ते रंगत नाही. निरोगी लिव्हरमध्ये पोर्टल भागात, म्हणजे जिथे रक्ताच्या आणि पित्ताच्या नळ्या एकत्र असतात तिथे, दोन-चार तपकिरी गोल नळ्या दिसतात आणि बाकी सगळं मैदान निळसर कोरं. ह्या स्लाइडवर पोर्टल भागाच्या कडेने तपकिरी वेड्यावाकड्या नळ्यांचं रानच माजलेलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या रानाच्या काठाला असलेल्या पेशी, आकाराने धड हेपॅटोसाइट, मोठ्या चौकोनी, गोल न्यूक्लियस, पण पडद्याकडेने फिकट तपकिरी रंगलेल्या. ना इकडच्या ना तिकडच्या. आमच्या सिनियर मॅडम डबल हेडवर (दोघींना एकदम बघता येणाऱ्या मायक्रोस्कोपवर) समोर बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "ह्यांना विचार तुम्ही कोण, तर त्यांना पण सांगता येणार नाही."

तर भावाच्या प्रश्नाकडे येऊ. लिव्हर परत वाढतं हे शंभर टक्के खरं. हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ मध्ये उंदीरमामांच्या (मोठ्या उंदरांच्या, रॅट) लिव्हरचा जवळपास दोन तृतीयांश भाग काढण्याची पद्धत लिहून ठेवली, ती आजही वापरतात, आणि त्यात आठवडा-दहा दिवसांत वजन भरून येतं. माणसात लिव्हर दान करणाऱ्याचं पण येतं. पण तिथे जे लिव्हर मागे राहिलंय ते निरोगी आहे. आमच्या पेशंटला पेशींची संख्या कमी पडलीय असं मुळात नव्हतंच, लिव्हर तर मोठं होतं. हेपॅटोसाइटचं विभाजन मंदावलेलं आणि वर त्या कडेच्या अर्धवट, पूर्वज-छापाच्या पेशींची नुसती खोगीरभरती, हे एएचमध्ये काढलेल्या लिव्हरवरच्या अभ्यासात २०१५ च्या सुमाराला दिसलं होतं. असल्या पेशी जितक्या जास्त तितका आजार गंभीर आणि मृत्यूचं प्रमाण जास्त हे त्याच्याही आधी, २०१२ मध्ये, आलं होतं. थोडक्यात वाढ होतेय, पण जी व्हायला हवी ती नाही.

आता एपिजेनेटिक्स. ह्या शब्दाचं गेल्या काही वर्षांत वाटोळं झालंय, कुणीही उठतो आणि ध्यान करून जीन बदला असं सांगतो, ते सोडा. साधी गोष्ट अशी की लिव्हरच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत डीएनए तोच. सातबारावर जमीन तीच असते, पण कसणारा कोण, बोजा कुणाचा, विहीर कुणाच्या वाट्याला, हे नोंदींवर ठरतं. डीएनएवर मिथाइल गट (छोटे रासायनिक तुकडे) चिकटवणं, डीएनए ज्या हिस्टोनच्या रिळांवर गुंडाळलाय (एका रिळावर १४७ अक्षरं) त्या रिळांच्या शेपट्यांवर ॲसिटाइल-मिथाइलच्या खुणा करणं, रिळं सरकवून काही भाग उघडा आणि काही बंद ठेवणं, ह्या सगळ्या नोंदी. हेपॅटोसाइट हेपॅटोसाइट राहतो तो ह्या नोंदी जागेवर आहेत म्हणून, आणि त्या जागेवर ठेवणारे मुकादम म्हणजे काही ठराविक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर (जीन चालू-बंद करणारी प्रोटीन), त्यातला मोठा मुकादम एचएनएफ४ अल्फा.

ह्याचा जीन एचएनएफ४ए, विसाव्या क्रोमोसोमवर. आणि ह्या वाड्याला दोन दारं आहेत. पुढचं दार म्हणजे पी१ प्रमोटर (प्रमोटर म्हणजे जीन वाचायला जिथून सुरुवात होते ती जागा), मोठ्या माणसाच्या लिव्हरमध्ये हेच चालू. मागचं दार पी२, साधारण ४५ हजार अक्षरं लांब, आईच्या पोटातल्या बाळाच्या लिव्हरमध्ये ते वापरात असतं आणि स्वादुपिंडात पण. दोन्ही दारांतून निघणारं प्रोटीन जवळपास एकच, फक्त सुरुवातीचं टोक वेगळं, पण तेवढ्याने कामाची यादी बदलते, पी२ चं प्रोटीन मोठ्या लिव्हरची बरीच कामं नीट उचलत नाही. गंमत म्हणजे नॉर्मल लिव्हरमध्ये पी१ मधून आलेलं प्रोटीन स्वतःच पी२ ला कडी घालून ठेवतं. जन्मानंतर एकदा कडी लागली की लागली.

रक्त गोठण्याशी ह्या मुकादमाचा संबंध किती थेट आहे त्याचं एक उदाहरण, जरा विषयांतर आहे पण मला फार आवडतं. हिमोफिलिया बी लायडन नावाचा प्रकार आहे, त्यात फॅक्टर नऊच्या जीनच्या प्रमोटरवर बिघाड असतो, काही कुटुंबांत तो नेमका एचएनएफ४ बसतो त्या जागेवर. मुलगा लहान असताना रक्त थांबत नाही, आणि वयात आला की पुरुषी हार्मोनच्या जोरावर फॅक्टर वाढत जातो. एका बसायच्या जागेवर एवढं अवलंबून.

२०१९ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये अर्खेमी, बातालेर आणि मंडळींचा पेपर आला. त्यांनी दारूच्या सुरुवातीच्या लिव्हर आजारापासून ते गंभीर एएचपर्यंत वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या माणसांचं लिव्हर घेतलं आणि कुठले जीन चालू-बंद आहेत ते वाचलं. गंभीर एएचमध्ये एचएनएफ४ अल्फावर अवलंबून असलेले जीन धडाधड खाली, आणि पी२, म्हणजे बाळाच्या लिव्हरचं दार, उघडलेलं. चाळिशीच्या माणसाच्या लिव्हरमध्ये. मग साहजिक शंका येते की ज्यांना एएच होतो त्यांच्या डीएनएतच ह्या जीनमध्ये काही जन्मजात फरक असेल, तर तेही तपासलं, तसा संबंध मिळाला नाही. मिळालं काय तर डीएनएच्या मिथाइलेशनमध्ये मोठे बदल आणि क्रोमॅटिनची (रिळांवर गुंडाळलेल्या डीएनएची) मांडणी बदललेली, तीही एचएनएफ४ अल्फाच्या हाताखालच्या जीनना भोवणारी. जमीन तीच, फेरफार झालेला.

दार उघडलं कुणी? त्यांच्या हिशोबात मुख्य आरोपी टीजीएफ बीटा. लिव्हरला मार बसला की हा सिग्नल वाढतो, तंतू तयार करायला सांगणारा पण हाच. हेपॅटोसाइटवर टीजीएफ बीटा टाकला की पी२ चा वापर सुरू होतो हे त्यांनी दाखवलं. दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, फ्रान्समधल्या लील शहरातल्या गटाने दुसरी बाजू दाखवली. एएचच्या हेपॅटोसाइटमध्ये वायएपी नावाचा सिग्नल, जो नॉर्मली दाबून ठेवलेला असतो, तो मोकाट सुटलेला असतो आणि त्या पेशी पित्तनलिकेच्या पेशीसारखे गुण दाखवायला लागतात. उंदरांत वायएपी दाबल्यावर परिस्थिती सुधारली. माझ्या स्लाइडवरच्या त्या फिकट तपकिरी, ना इकडच्या ना तिकडच्या पेशी ह्या बहुतेक त्याच वाटेवरच्या.

दारूचा स्वतःचा पण ह्यात थेट हात आहे, आणि हे मला कॉलेजात कुणी ह्या अंगाने शिकवलं नव्हतं. मिथाइल गट चिकटवायला पेशीला सॅम नावाचा रेणू लागतो, तो मेथिओनिनपासून बनतो, आणि दारूपासून होणारं ॲसिटाल्डिहाइड ती साखळी अडवतं, वर फोलेटची बोंब. म्हणजे मिथाइलचा साठा आटतो. उलट दारूचं शेवटी ॲसिटेट होतं, आणि ॲसिटेट म्हणजे हिस्टोनवर लावायच्या ॲसिटाइल खुणांचा कच्चा माल. २०१९ मध्ये उंदरांना खूण केलेली दारू देऊन दाखवलंय की लिव्हरमध्ये फुटलेल्या दारूचं ॲसिटेट मेंदूतल्या हिस्टोनवर जाऊन बसतं. ह्यावरून अमुक जीनवर तमुक होईल असं थेट काढता येत नाही, पण ज्या ऑफिसात नोंदी होतात तिथली शाई आणि शिक्के दोन्ही दारूने हलवलेत एवढं नक्की.

इथे वाचणाऱ्याला वाटेल की ओळख सोडणं म्हणजे वाईटच. तसं नाहीये, आणि ही गोष्ट समजली नाही तर पुढचं सगळं चुकतं. लिव्हर कापल्यावर उरलेल्या पेशी विभाजनाला लागतात तेव्हा त्या पण थोडा काळ मोठेपणाचं काम बाजूला ठेवतात, काही अंशी बाळासारख्या होतात. २०२१ मध्ये इलिनॉयच्या गटाने एकेक पेशी वाचून दाखवलं की त्या काळात लिव्हरमध्ये कामाची वाटणी होते, काही हेपॅटोसाइट विभाजनाला बसतात, आणि बाकीच्या त्यांच्या वाटचं काम पण ओढतात, जास्त जोराने. घरात एक बाळंतीण असली की जावा स्वयंपाक ओढतात ना, तसंच. मग विभाजनवाल्या परत कामावर येतात.

आणि पार पित्तनलिकेसारख्या झालेल्या पेशी पण परत येऊ शकतात. उंदरांना डीडीसी नावाचं रसायन खायला घालतात, त्याने पित्तमार्ग तुंबतात, आणि काही हेपॅटोसाइट आपली खूण सोडून नळीवाल्या पेशींसारख्या होतात. ओरेगॉनच्या गटाने २०१४ मध्ये अशा पेशींना आधीच रंगाची खूण लावून पाठलाग केला, तर इजा थांबल्यावर त्या पुन्हा हेपॅटोसाइट झाल्या. म्हणजे सोंग घेतलं होतं, मूळ आठवत होतं. २०१९ मध्ये शांघायच्या गटाने दाखवलं की निरोगी हेपॅटोसाइटमध्येच अशा बदलाला लागणाऱ्या काही जीनचं क्रोमॅटिन किलकिलं ठेवलेलं असतं, आणि ते ठेवण्यात एआरआयडी१ए हा रिळं सरकवणाऱ्या टोळीतला गडी लागतो, तो काढला तर वायएपी ओरडला तरी पेशी ऐकत नाही. म्हणजे लिव्हरने ही सोय स्वतःच करून ठेवलीय, संकटात रूप बदलायची.

मग एएचमध्ये बिघडतं काय? माझं मत असं, की इथे सगळ्याच जावा एकदम बाळंतीण झाल्यात. इजा दोन दिवसांची नाही, बारा वर्षांची आहे, टीजीएफ बीटा बंदच होत नाही, कडी घालणारा पी१ कमी पडतो म्हणून पी२ उघडा राहतो, आणि पी२ उघडा म्हणून पुढचे जीन उठत नाहीत. संकटापुरतं घेतलेलं रूप कायमचं होऊन बसतं आणि मागे काम ओढायला कुणी शिल्लक राहत नाही.

हे नुसतं माझं मत म्हणून सोडलं असतं, पण पिट्सबर्गच्या गटाचे दोन प्रयोग आहेत. पहिला २०१२ चा. रॅटना कार्बन टेट्राक्लोराइड देऊन देऊन सिरॉसिस केला, पार शेवटच्या अवस्थेचा, त्यातल्या हेपॅटोसाइट काढल्या आणि सिरॉसिस नसलेल्या लिव्हरमध्ये नेऊन सोडल्या. सुरुवातीला त्या तिथेही मुर्दाड. पण साधारण दोन महिन्यांनी कामाला लागल्या! त्याच पेशी, तोच डीएनए, फक्त शेजार बदलला. दुसरा २०१५ चा, तो माझा सगळ्यात लाडका. तशाच मरणाला टेकलेल्या रॅटना निरुपद्रवी व्हायरसमधून फक्त एचएनएफ४ अल्फा दिला. स्टेम सेल नाही, नवीन पेशी नाहीत. लिव्हरचं काम सुधारलं, जनावरं जास्त जगली. आणि नवीन पेशी उगवून नाही, तर होत्या त्याच आजारी पेशी ताळ्यावर आल्या. जाळीसारखे तंतू पण तिथेच होते. मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यातून "सिरॉसिस म्हणजे जखमेचा व्रण, व्रण काय बरा होणार" हे सरळसोट समीकरण गेलं. पुढे २०२१ मध्ये जर्मनीतल्या हॅनोवरच्या गटाने हाच एचएनएफ४ए, व्हायरसशिवाय, एमआरएनए म्हणून उंदरांना दिला आणि फायब्रोसिस, म्हणजे तंतूंची जाळी, कमी झालेला दाखवला.

पण हे सगळं उंदीर-रॅटमध्ये. आमचा पेशंट वॉर्डात होता, आणि त्याच्यासाठी त्या दिवशी होतं काय तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, ४० मिलिग्रॅम. ह्या औषधाची लायकी किती हे ब्रिटनच्या स्टोपा ट्रायलने २०१५ मध्ये ११०३ पेशंटवर बघितलं, २८ दिवसांच्या मृत्यूत थोडा फरक दिसला पण संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल इतका नाही, आणि ९० दिवसांनी काहीच नाही. सातव्या दिवशी बिलिरुबिन १७.९, म्हणजे वर. लील स्कोअर काढला (तेच लील शहर, वायएपीवालं), त्यात वय, अल्ब्युमिन, बिलिरुबिनचा बदल, किडनी, पीटी सगळं जातं, आला ०.५१. ०.४५ च्या वर स्टेरॉइड चालू ठेवण्यात फायदा नाही, उलट इन्फेक्शनची भीती, म्हणून बंद केलं.

जी-सीएसएफच्या इंजेक्शनचा विषय निघाला. ते बोन मॅरोतून पेशी रक्तात आणतं आणि लिव्हरच्या दुरुस्तीला हातभार लावेल अशी आशा. चंदीगडच्या पीजीआयने २०१४ मध्ये ४६ पेशंटवर केलेल्या अभ्यासात ९० दिवसांचं जगणं सुधारलेलं दिसलं, युरोपातल्या अभ्यासांत तसं दिसलं नाही. मला विचाराल तर ओळख हरवलेल्या लिव्हरमध्ये नुसता वाढीचा रेटा लावून किती मिळणार ह्याबद्दल मी साशंक आहे, पण मी स्लाइड बघणारी, पेशंटच्या उशाशी बसणारे वेगळे, त्यांचा अनुभव मी खोडून काढणार नाही.

एपिजेनेटिक बाजूने थेट हात घालणारं एकच औषध एएचमध्ये मोठ्या ट्रायलपर्यंत गेलं, लार्सुकोस्टेरॉल. शरीरातच सापडणारा कोलेस्टेरॉलच्या घराण्यातला रेणू, डीएनएवर मिथाइल चिकटवणाऱ्या एन्झाइमना आवरतो. सुमारे ३०० पेशंट, निकाल २०२३ च्या शेवटी. ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही, औषध घेतलेल्यांत मृत्यू आकड्यांत कमी दिसले, विशेषतः अमेरिकेतल्या पेशंटमध्ये, पण तेवढ्यावर औषध ठरत नाही. खरं सांगायचं तर मला आश्चर्य वाटलं नाही. सगळ्या जीनोमवरचं मिथाइल एका झाडूने कमी करणं आणि एका वाड्याचं मागचं दार बंद करून पुढचं उघडणं ह्यात फरक आहे.

ट्रान्सप्लांट हा खात्रीचा मार्ग. २०११ मध्ये फ्रान्स-बेल्जियममधून आलं की स्टेरॉइड लागू न पडलेल्या २६ निवडक पेशंटना सहा महिने दारू सोडायची अट न घालता लिव्हर दिलं, सहा महिन्यांनी ७७ टक्के जिवंत, न दिलेल्या तशाच पेशंटमध्ये २३ टक्के. आपल्याकडे बहुतेक लिव्हर घरातल्याच कुणाच्या तरी पोटातून यायचं असतं, आणि खर्च ऐकून एक टेम्पो विकायचा की दोन्ही ह्यावर चर्चा चालू झाली. भाऊ तयार होता. बायको म्हणाली, "भाऊजींना काही झालं तर मी कुणाकडे बघू?" ती बैठक मी ऐकलीय, त्यावर काही लिहीत नाही.

ते ठरेपर्यंत केलं काय तर खाणं. आहारतज्ज्ञ ताईंनी ते मऊ भाताचं पथ्य पहिल्या दिवशीच मोडलं. किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रोटीन, अंडी, पनीर, मुगाचं घट्ट वरण, आणि रात्री झोपताना दुधातलं सातूचं पीठ, कारण असलं लिव्हर रात्रभराचा उपास झेपवू शकत नाही आणि स्नायू खायला लागतं. आणि दारू शून्य. इथे कुणी म्हणेल हे काय एपिजेनेटिक्स, पण २०१२ चा तो रॅटचा प्रयोग आठवा, शेजार बदलला आणि दोन महिने वाट बघितली, तिथे पण औषध काही दिलं नव्हतं.

पाचव्या आठवड्यात बिलिरुबिन पहिल्यांदा खाली आलं, १४. मग हळूहळू. लील ०.५१ म्हणजे अगदी शून्य प्रतिसादवाला गट नाही, मधला, त्यातले काही असे सावरतात, काही सावरत नाहीत, आणि आमच्याकडे दोन्ही बघितलेत. ह्या लिहिलेल्या पेशंटचा चौथ्या महिन्यातला रिपोर्ट, बिलिरुबिन ३.१, पीटी १६, अल्ब्युमिन ३. ट्रान्सप्लांटची फाइल बंद नाही, बाजूला ठेवलीय.

रिपोर्ट न्यायला परत भाऊच आला होता. ह्या वेळी मी त्याला खिडकीतून आत बोलावलं, दोन्ही स्लाइड दाखवल्या, एक निरोगी लिव्हरची आणि एक त्याच्या दादाची, सीके७ वाली. त्याने बराच वेळ डोळा लावून बघितलं आणि विचारलं, "मग आता हे तपकिरी गेलं असेल का?"

मलाही तेच बघायचंय. पुढचं दार परत उघडलंय का, त्या काठावरच्या पेशी कुठल्या बाजूला गेल्या, पी१ आणि पी२ साठी वेगवेगळ्या अँटिबॉडी रिसर्चला मिळतात, तुकडा हातात आला तर लावून बघता येईल. पण बऱ्या होत चाललेल्या माणसाच्या मानेत फक्त आमच्या उत्सुकतेपोटी पुन्हा सुई कोण घालणार, आणि का घालावी. दुसरी बायोप्सी झाली नाही.